भटक्या स्ट्रायकरला भाडोत्री म्हणण्याआधी त्याचा करार वाचा

३० मे २०१६ रोजी वेम्ब्लीवर एएफसी विम्बल्डनने प्लायमथ अर्गाइलला २-० असं हरवलं आणि चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली. दुसरा गोल भरपाईच्या वेळेत, पेनल्टीवर. मारणारा ३४ वर्षांचा धिप्पाड स्ट्रायकर अडेबायो अकिन्फेन्वा. सामना संपल्यावर टीव्हीच्या मुलाखतीत त्याने सांगून टाकलं की तांत्रिकदृष्ट्या आपण आता बेकार आहोत, कुणा मॅनेजरला गरज असेल तर व्हॉट्सॲप करा. सगळे हसले, ती चित्रफीत जगभर फिरली, आणि त्या उन्हाळ्यात वायकम वॉन्डरर्सने त्याला घेतलं. २०२० मध्ये त्याच वायकमबरोबर तो क्लबच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीपर्यंत, म्हणजे चॅम्पियनशिपपर्यंत पोहोचला.

विनोद बाजूला ठेवला तर त्याचं वाक्य अगदी काटेकोर होतं. क्लबला वर नेणाऱ्या सामन्यात गोल करणारा माणूस महिन्याभरात कराराबाहेर जाणार होता, आणि त्यात कुणी नियम मोडलेला नव्हता. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत हे दरवर्षी घडतं. लिथुएनियापासून वेल्सपर्यंत आणि तिथून इंग्लंडच्या दहाएक गावांपर्यंत अकिन्फेन्वाने विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेतलं ते काही हौस म्हणून नव्हे. प्रेक्षकांतून मात्र अशा खेळाडूला एकच शब्द मिळतो: भाडोत्री. निष्ठा नाही, पैसे मिळतील तिकडे जातो. हा आरोप चुकीच्या माणसावर होतो. स्ट्रायकरची भटकंती त्याच्या कराराच्या रचनेतून येते, त्या रचनेत क्लबचा धोका खेळाडूच्या अंगावर ढकललेला असतो, आणि इंग्लंडने २०२५ मध्ये फुटबॉलसाठी कायद्याने नियामक नेमला तेव्हाही या रचनेला हात लावला नाही.

आधी दिनदर्शिका पाहू. प्रीमियर लीगच्या २० क्लबांखाली इंग्लिश फुटबॉल लीगच्या तीन श्रेणी आहेत: चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. प्रत्येकी २४ क्लब, प्रत्येकाचे ४६ साखळी सामने, शिवाय करंडकांचे वेगळे. करार जवळजवळ सगळे ३० जूनला संपतात. कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार हे क्लबने मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत कळवायचं असतं. म्हणजे घरभाडं, मुलांची शाळा, बायकोची नोकरी, सगळ्याचा निर्णय सहा आठवड्यांत. नवा करार देऊ केला नसेल तर मूळ पगार आणखी एक महिना मिळतो, किंवा नवा क्लब मिळेपर्यंत. यांतलं जे आधी होईल ते. जुलैच्या सुरुवातीला बहुतेक संघांचा सराव सुरू होतो. ज्याला क्लब नाही तो एकट्याने धावतो, एखाद्या मॅनेजरला फोन करतो आणि मैत्रीपूर्ण सामन्यात ‘ट्रायलिस्ट’ म्हणून उतरतो. संघाच्या यादीत अनेकदा त्याचं नावही नसतं. पंधरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलेला माणूस नवव्या क्रमांकाच्या शर्टात पाऊण तास बिननावाने खेळतो, आणि तेवढ्यात मांडीचा मागचा स्नायू ओढला गेला तर ऑगस्टही हातचा जातो.

यात वयाची एक मेख आहे, ती बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. खेळाडू २४ वर्षांखालचा असेल आणि क्लबने आधीच्यापेक्षा कमी नसलेला करार देऊ केला असेल, तर तो दुसऱ्या इंग्लिश क्लबकडे गेल्यावर जुन्या क्लबला भरपाई मागता येते. त्यामुळे तरुण स्ट्रायकर ही क्लबच्या दृष्टीने मालमत्ता असते आणि तिची कागदपत्रं नीट ठेवली जातात. चोविशी ओलांडली आणि करार संपला की भरपाई शून्य. त्यानंतर तोच स्ट्रायकर जमाखर्चात फक्त पगाराच्या बाजूला उरतो. करार तीन वर्षांवरून दोनवर, दोनवरून एकावर येऊ लागतात ते तिथूनच.

करारातली कलमं तर याहून बोलकी. मूळ पगार, मैदानात उतरल्याचा भत्ता, गोलचा बोनस, बढतीचा बोनस ही झाली दर्शनी बाजू. करारावर सहीबद्दल मिळणारी रक्कम एकदम मिळत नाही, कराराच्या वर्षांत समान हप्त्यांनी मिळते; खेळाडूने स्वतः लेखी बदली मागितली तर उरलेले हप्ते साधारणपणे जातात. म्हणूनच नाराज खेळाडू महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि क्लब म्हणतो, ‘त्याने जायचं म्हटलेलंच नाही.’ पुढे येतं एका वर्षाच्या मुदतवाढीचं कलम. पुष्कळदा तो पर्याय एकट्या क्लबच्या हातात असतो. खेळाडूला मे महिन्यापर्यंत वाट पाहायची, क्लबला मर्जी. दुसरा प्रकार म्हणजे ठरावीक संख्येइतके सामने सुरुवातीपासून खेळले तर करार आपोआप वाढतो. समजा तो आकडा २५ आहे. मार्चमध्ये स्ट्रायकर २३ वर आहे, संघ तेराव्या स्थानावर, ना बढती ना घसरण. अशा वेळी मॅनेजरला वरून एक निरोप येतो आणि स्ट्रायकर बाकावर बसतो. साठाव्या मिनिटाला उतरतो, चांगला खेळतो, पण ती सुरुवात धरली जात नाही. कारण विचारलं तर ‘डावपेच’. सिद्ध काहीच करता येत नाही, कारण संघनिवड हा मॅनेजरचा अधिकार.

बचावपटूलाही हीच कलमं असतात, मग स्ट्रायकरच जास्त का भटकतो? कारण त्याची किंमत एका आकड्यावर ठरते आणि तो आकडा फार थोड्या घटनांतून तयार होतो. ४६ सामन्यांत ८ गोल करणारा आणि १३ करणारा यांच्यात पाच गोलांचं अंतर असतं, आणि त्यातला मोठा भाग पेनल्टी कोण मारतो यावर अवलंबून असू शकतो. रिकी लॅम्बर्टने साउदॅम्प्टनसाठी मारलेल्या ३४ च्या ३४ पेनल्टी गोल झाल्या. कौशल्य निर्विवाद त्याचं. पण एका क्लबात पाच वर्षं राहिल्याने चेंडू त्याच्याच हातात येत होता हेही खरं. जानेवारीत आलेल्या पाहुण्याला पेनल्टी कोण देतो? तिथला कर्णधार किंवा जुना मिडफिल्डर आधीच ठरलेला असतो.

दुसरी गोष्ट, स्ट्रायकरचा गोल दुसऱ्याच्या पायातून निघतो. पहिल्या खांबाकडे धाव घेणाऱ्याला उजवीकडून लवकर येणारा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, हवा. उंच साथीदाराने डोक्याने पुढे सरकवलेल्या चेंडूवर झडप घालणाऱ्याला तो साथीदार हवा. जेमी क्यूरटनने २००६-०७ मध्ये कोलचेस्टर युनायटेडकडून २३ गोल केले आणि चॅम्पियनशिपमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. शेजारी उंचपुरा ख्रिस इवेलुमो होता. त्याच हंगामानंतरच्या उन्हाळ्यात क्यूरटन नॉर्विचला गेला, इवेलुमो चार्ल्टनला. दुसऱ्या श्रेणीत क्यूरटनला तो आकडा पुन्हा गाठता आला नाही; दुसऱ्याच हंगामात नॉर्विचने त्याला बार्न्सलीला आणि पुढे श्रूसबरीला उसना दिला. गोल करायला तो विसरला नव्हता, नंतर खालच्या श्रेणींत त्याने ढिगाने केले. बदललं होतं ते आजूबाजूचं. लिऑन क्लार्कचं उदाहरण उलट्या बाजूने तेच सांगतं. वुल्व्ह्जपासून सुरू करून प्लायमथ, साउथेंड, स्विंडन, स्कन्थॉर्प, कॉव्हेन्ट्री, बरी अशी वीसच्या आसपास वळणं घेतल्यावर २०१७-१८ मध्ये, बत्तिशीत, शेफील्ड युनायटेडकडून त्याने चॅम्पियनशिपमध्ये १९ गोल केले. दोन स्ट्रायकर खेळवणारा मॅनेजर, शेजारी बिली शार्प, मागून कडेने धावत येणारे बचावपटू. ती व्यवस्था त्याच्या अंगाला बसली. त्यानंतरचा पूर्ण हंगामही उलटला नव्हता तेव्हा तो विगनला उसना गेला होता.

मुंबईच्या वाचकाला यातला एक माणूस ओळखीचा असेल. २०२०-२१ ला मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) साखळीत अव्वल येण्याची शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले तेव्हा ११ गोल करणारा ॲडम ल फॉन्ड्र. स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम अशा पायऱ्या चढून तो रेडिंगला आला, आणि प्रीमियर लीगमधल्या पहिल्याच हंगामात त्याने १२ गोल केले, त्यातले बरेच बदली खेळाडू म्हणून. चेल्सीविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत दोन मारून २-२ केलं तो महिना जानेवारी २०१३. त्या महिन्याचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. रेडिंग त्या मोसमात खाली गेलं. नंतरच्या पाच वर्षांत कार्डिफ, बोल्टन, वुल्व्ह्ज, विगन, पुन्हा बोल्टन. मग सिडनी, आणि सिडनीकडून उसना मुंबईला. कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यात बंद मैदानांवर झाला, त्यामुळे अंधेरीच्या प्रेक्षकांना तो आपल्या मैदानावर एकदाही दिसला नाही. असो. ‘एका महिन्याचा हिरो’ म्हणून त्याला विसरणं सोपं आहे. पण बदली म्हणून येऊन गोल करणाऱ्याला क्लब बदलीच मानत राहतात, सुरुवातीचे सामने मिळत नाहीत, मुदतवाढीचा आकडा गाठला जात नाही, आणि पुढचा करार छोटा होतो, हे चक्र त्या एका महिन्याच्या आत दडलेलं असतं.

उसनवारीबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण तिची भलामण फार होते. हॅरी केन लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असा उसना फिरला आणि घडला, हे उदाहरण प्रत्येक वादात पुढे येतं. अठरा-वीस वर्षांच्या मुलासाठी ते बरोबर आहे. त्याच्या मूळ क्लबला तो परत हवा असतो. अठ्ठाविशीतल्या स्ट्रायकरची उसनवारी हा बहुधा पगार वाटून घेण्याचा व्यवहार असतो: एवढे टक्के तुम्ही, एवढे आम्ही. २०१६ पर्यंत लीगच्या क्लबांना बदल्यांची खिडकी (खेळाडूंची देवघेव करण्याचा ठरावीक काळ) बंद असतानाही २८ ते ९३ दिवसांचे तातडीचे उसने खेळाडू घेता येत. फिफाच्या आग्रहाने ते बंद झालं. त्याचा एक परिणाम चांगला झाला, नोव्हेंबरच्या गुरुवारी फोन आणि शनिवारी तीनशे किलोमीटरवर सामना हे थांबलं. दुसरा वाईट: सप्टेंबरमध्ये मॅनेजरच्या मनातून उतरलेला स्ट्रायकर आता जानेवारीपर्यंत अडकतो. त्यात एका हंगामात नोंदणी तीन क्लबांकडे चालते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. ऑगस्टमध्ये मूळ क्लबकडून दहा मिनिटं उतरलेला असेल तर पुढे त्याच्याकडे एकच पान उरतं. सामन्याच्या संघात पाचपेक्षा जास्त उसने खेळाडू ठेवता येत नाहीत, तेव्हा सहावा उसना स्टँडमध्ये बसतो. आणि ज्याच्या मैदानावर त्याला खरोखर काही सिद्ध करायचं असतं त्या मूळ क्लबविरुद्ध सहसा त्याला खेळू देत नाहीत.

आता समोरची बाजू. ती हलकी नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूचा कमाल पगार आठवड्याला २० पौंड होता. करार संपला तरी क्लब नोंदणी अडवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकासलविरुद्ध १९६३ मध्ये न्यायालयात ती पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली, आणि युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालाने करार संपलेला खेळाडू खरोखर मोकळा झाला. आज ज्याला भटकंती म्हणतो ते त्या स्वातंत्र्याचं फळ आहे, असं कुणी म्हणेल. पॉल मलिनने २०२०-२१ मध्ये केंब्रिज युनायटेडसाठी लीग टूमध्ये ३२ गोल केले, क्लबला बढती मिळवून दिली, आणि करार संपताच दोन श्रेणी खाली, पाचव्या श्रेणीतल्या रेक्सममध्ये तीन वर्षांच्या करारावर गेला. तीन वर्षांची शाश्वती दोन श्रेणींच्या प्रतिष्ठेपेक्षा मोठी आहे हे त्याने ओळखलं आणि मोकळेपणाचा पुरेपूर उपयोग केला. पण तो ३२ गोल हातात घेऊन वाटाघाटीला बसला होता. ८ गोलवाल्याला तोच ३० जून, तोच मोकळेपणा, आणि फोन मात्र वाजत नाही. नियम एकच असला तरी तो वापरायची ताकद सारखी नसते.

क्लबांची गरिबी हा दुसरा मुद्दा, आणि तोही खराच. घसरण झाली की उत्पन्न कोसळतं, लांब करार गळ्यात पडतात. ऑगस्ट २०२० मध्ये लीग वनच्या क्लबांनी पगारखर्चाला २५ लाख पौंडांची आणि लीग टूच्या क्लबांनी १५ लाखांची मर्यादा मंजूर केली. खेळाडूंची संघटना लवादात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या मर्यादा मागे घ्याव्या लागल्या. क्लब हरले ते खेळाडूंना विचारात न घेता ठरवल्यामुळे. मर्यादा असावी की नसावी हा वेगळा वाद. पण मर्यादा आली असती तर कात्री पहिल्यांदा कुणावर चालली असती हे सांगायला नको. एकवीस वर्षांचा स्वस्त मुलगा आणि एकतिसाव्या वर्षीचा महाग स्ट्रायकर यांत क्लब कुणाला ठेवेल?

शिवाय गरीब क्लबचा धोका खेळाडू आजही सोसतोच. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये ज्या बरीकडून खेळायला गेला, भारतातून युरोपात व्यावसायिक करारावर गेलेला पहिला फुटबॉलपटू म्हणून, तो बरी क्लब २७ ऑगस्ट २०१९ ला लीगमधून काढला गेला. पगार आधीच थकलेले होते, आणि हंगाम सुरू झाल्यावर खेळाडू रस्त्यावर आले, तेव्हा इतर संघांच्या पगाराच्या थैल्या जवळजवळ रिकाम्या झालेल्या होत्या. वर्षभराने मॅकल्सफील्ड टाऊनची तीच गत: पगार वेळेवर न दिल्याबद्दल गुण कापले गेले, त्यामुळे घसरण, आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने क्लब बंद. कागदावर खेळाडूला संरक्षण आहे. देय तारखेनंतर १४ दिवसांत पगार आला नाही तर नोटीस देऊन करार तोडता येतो. क्लब दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेला तर खेळाडूंची देणी पूर्ण फेडल्याशिवाय लीगमध्ये राहता येत नाही. पण पहिला हक्क वापरायचा म्हणजे नोव्हेंबरमध्ये बेकार व्हायचं, आणि दुसरा हक्क क्लब वाचला तरच कामाचा.

जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्टला राजमान्यता मिळाली आणि पहिल्या पाच श्रेणींच्या क्लबांना परवाना देणारा स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. त्याची उद्दिष्टं आहेत क्लबांची आर्थिक तब्येत, एकूण व्यवस्थेची टिकाऊ स्थिती आणि क्लबांचा वारसा: रंग, बोधचिन्ह, मैदान. चाहत्यांशी सल्लामसलत ही अटच आहे. या कायद्याचं मूळ असलेल्या ट्रेसी क्राउच यांच्या २०२१ च्या अहवालात खेळ सोडावा लागणाऱ्या खेळाडूंच्या हिताबद्दल, विशेषतः कोवळ्या वयातल्यांबद्दल, तातडीची शिफारस होती. उद्दिष्टांत मात्र ती उतरली नाही. शर्टाचा रंग बदलायचा तर चाहत्यांना विचारावं लागेल. तो शर्ट घालणाऱ्याला एप्रिलमध्ये कळवावं असं कुणाला वाटलं नाही.

एप्रिल हा महिना उगाच नाही. इंग्लंडमध्ये बारा किंवा अधिक वर्षं नोकरी केलेल्या सामान्य कर्मचाऱ्याला कायद्याने बारा आठवड्यांची नोटीस मिळते. ठरावीक मुदतीचा करार संपताना ती लागू होत नाही, आणि फुटबॉलमधले सगळे करार मुदतीचेच. ३० जूनच्या बारा आठवडे आधी म्हणजे ७ एप्रिल. त्या तारखेपर्यंत प्रत्येक खेळाडूला लेखी हो किंवा नाही कळवावं, ही पहिली मागणी. क्लब म्हणतील, पुढच्या वर्षी आपण कुठल्या श्रेणीत असू हे एप्रिलमध्ये ठाऊक नसतं. मग करारात दोन पगार लिहा, एक वरच्या श्रेणीचा आणि एक खालच्या. घसरण झाली तर पगार इतका कमी, ही कलमं आजही लिहिली जातात. वकिलांना ती नवीन नाहीत. आणि ‘सोडणार’ कळल्यावर खेळाडू मनापासून खेळणार नाही, ही भीती तर उलटी आहे. शेवटचे सहा सामने हीच त्याची जाहिरात असते. करार संपत आलेल्या खेळाडूला जानेवारीपासून परदेशी क्लबशी बोलणी करता येतातच, त्याने आकाश कोसळलेलं नाही.

दुसरी मागणी मुदतवाढीच्या आकड्याची. सुरुवातीच्या सामन्यांऐवजी, वैद्यकीय पथकाने खेळण्यास तंदुरुस्त ठरवलेल्या सामन्यांची संख्या धरावी, आणि आकडा त्या प्रमाणात वाढवावा. २५ सुरुवातींऐवजी ३८ वेळा तंदुरुस्त, असा. संघनिवडीचा अधिकार मॅनेजरकडेच राहील, फक्त त्याचा करार चुकवायला उपयोग होणार नाही. हे नियामकाला एकट्याने करता येणार नाही, लीग आणि खेळाडूंची संघटना यांना बसून प्रमाणित करार बदलावा लागेल. तिसरी मागणी मात्र सरळ नियामकाच्या अखत्यारीत आहे, कारण पुरेशी आर्थिक साधनं हीच परवान्याची अट आहे: दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम हंगामापूर्वी वेगळ्या खात्यात, मालकाचा हात पोहोचणार नाही अशी. बरीमध्ये हे खातं असतं तर खेळाडूंना ऑक्टोबरपर्यंत दुसरा क्लब शोधायला उसंत मिळाली असती.

यामुळे काही करार कमी होतील का? होतील. काठावरचा क्लब २६ ऐवजी २४ जणांना घेईल, आणि त्या दोन जागा बहुधा स्ट्रायकरच्याच जातील, कारण बाकावरचा चौथा स्ट्रायकर ही पहिली चैन. ही किंमत लपवण्यात अर्थ नाही. पण आजही तो चौथा स्ट्रायकर जानेवारीत पगार वाटून घ्यायला कुठेतरी पाठवला जातोच, आणि मे महिन्यात सोडला जातो. परवान्यासाठी क्लबांना आर्थिक आराखडा द्यावा लागणारच आहे. त्यात पगाराच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने घाला: ३० जूनला संपणारे करार किती, आणि त्यातल्या प्रत्येकाला कोणत्या तारखेला कळवलं. क्लबच्या सचिवाकडे ही माहिती आजही आहे. ती भरायला त्याला एक दुपार पुरेल.